फिल्टरपाशी तेल दिसतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑइल फिल्टर ओला दिसतो, त्याच्याखाली तेल ठिबकते, अशा तक्रारींची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गॅरेजांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक साडेसात वर्षांची आहे. सर्व्हिसिंगनंतर महिनाभरात ऑइल फिल्टर तेलाने माखलेला दिसू लागला. गॅरेजने फिल्टर बदलून दिला, मग पुन्हा एकदा बदलला, तरी तेच. आता ते म्हणतात, चेंबर (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवावा लागेल. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग असतो. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चेंबर उतरवायला इतक्यात होकार देऊ नका. दोनदा फिल्टर बदलूनही ओल तशीच असेल, तर तेल बहुधा फिल्टरच्या रबरातून येतच नाही. ते वरून ओघळून फिल्टरवर येते. फिल्टर इंजिनाच्या खालच्या भागात, अंगाबाहेर आलेला असतो. वरून येणारे तेल त्याच्या डब्यावर पसरते आणि सर्वांत खालच्या कडेवरून ठिबकते. शिवाय गाडी चालताना वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते. म्हणून डाग कुठे पडला यावरून काहीच ठरवू नका. ओल सर्वांत वर आणि सर्वांत पुढे कुठे सुरू होते, तेवढेच शोधा.

त्यासाठी इंजिन आधी कोरडे ठणठणीत करावे लागते. इथेच बहुतेक ठिकाणी कंटाळा केला जातो आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. गाडी थंड असताना खालचा प्लास्टिकचा अंडरट्रे काढा. ट्रेमध्ये मागच्या सर्व्हिसिंगचे सांडलेले तेल साठून राहते आणि गळती नसतानाही चार-सहा दिवस ठिबकते, म्हणून तोही पुसून घ्या. फिल्टर, त्याच्या आजूबाजूचा ब्लॉक, वर हेडपर्यंतची सगळी बाजू ब्रेक क्लीनरचा फवारा मारून कापडाने पुसा. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊ नका; अल्टरनेटर आणि सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले की नवे दुखणे मागे लागते. ब्रेक क्लीनर पेट घेतो, त्यामुळे तो पूर्ण उडून जाईपर्यंत, निदान दहा मिनिटे, इंजिन सुरू करायचे नाही.

सगळे कोरडे झाले की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पट्ट्यांपासून मात्र लांब. इंजिन सुरू करून दहा मिनिटे आयडलवर ठेवा, मग दोन-तीन मिनिटे २,५०० आरपीएमपर्यंत रेस द्या. बंद करून टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरीत तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. तिचे वरचे टोक ही तुमची गळती. हात पोचत नसेल तिथे मोबाइल आत घालून व्हिडिओ काढा. रेघ दिसली नाही, तर १५-२० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. काही गळत्या तेल पूर्ण तापून पातळ झाल्यावरच सुरू होतात. इतके करूनही पत्ता लागला नाही तर तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा डाय बाटलीवर दिलेल्या मापाने टाकतात आणि दोन-तीन दिवसांनी त्याच्या खास टॉर्चने बघतात. तिथे चूक व्हायला जागा राहत नाही.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय ऑइल प्रेशर स्विचवर घ्यावा. बऱ्याच इंजिनांत तो फिल्टरच्या शेजारीच किंवा थोडा वर ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. त्याला एकच वायर येते. कनेक्टर ओढून काढा आणि आत बघा. कनेक्टरच्या आत तेल असेल तर स्विचचा आतला पडदा फाटला आहे. मग नवा स्विच हाच उपाय, बाहेरून काही लावून उपयोग नाही. कनेक्टर कोरडा पण स्विचचे बूड ओले असेल, तर तेल आट्यांतून येते आहे. जपानी धाटणीच्या इंजिनांत या स्विचचे आटे निमुळते असतात, ते आट्यांवरच सील होतात. म्हणून पहिला एक-दीड आटा सोडून बाकीच्यांवर थ्रेड सीलंट लावायचा आणि साधारण १३ ते १५ न्यूटन मीटरला (हे आवळण्याच्या जोराचे माप) थांबायचे. निमुळता आटा जोर लावून आवळला तर पाचर मारल्यासारखा ब्लॉकचे ॲल्युमिनियम फाडतो, आणि मग शे-दोनशे रुपयांच्या कामाचे मोठे काम होते.

दुसरा संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, गॅस्केटवर. सात-आठ वर्षांत उष्णतेने रबर कडक होते आणि कोपऱ्यातून पाझरते. कव्हर बदलताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळावेत. टायमिंग चेनचे कव्हर जिथे हेडला मिळते त्या सांध्यावर सिलिकॉन सीलंटचा बारीक ठिपका लागतो. तो विसरला की नव्या गॅस्केटलाही त्याच कोपऱ्यातून गळती. टॅपेट कव्हर आणि क्रँकचे पुढचे सील, दोन्हींकडे एकदमच ओल दिसत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ काढून घेणारी झडप) तपासून घ्या. तो तुंबला की क्रँककेसमधली वाफ कोंडून सगळ्या सीलवर दाब येतो. फिल्टरच्या रबरावर मात्र या कोंडलेल्या वाफेचा परिणाम होत नाही. ते मुळात पंपाचा तीन-चार बारचा दाब सोसायलाच बनवलेले असते.

या दोन्ही जागा कोरड्या निघाल्या आणि रेघ चेंबरच्या कडेपासूनच सुरू होत असेल, तर आणि तरच चेंबर उतरवायचा.

प्रश्न : घरीच तेल आणि फिल्टर बदलला. इंजिन सुरू करताच फिल्टरपाशी तेलाची धार लागली, मिनिटभरात जमिनीवर थारोळे. फिल्टर चांगला घट्ट बसवला होता. पार्ट खराब असेल का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : इंजिन लगेच बंद केले असेल तर नुकसान झालेले नाही. पुन्हा सुरू करून बघू नका. पंप तेल इतक्या वेगाने फेकतो की तीन लिटरचा साठा दोन-तीन मिनिटांत बाहेर पडू शकतो.

सुरू करताच धार लागणे ही दुहेरी गॅस्केटची ठळक खूण आहे. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर उष्णतेने ब्लॉकच्या तोंडाला चिकटून राहते. नवा फिल्टर त्याच्यावरच चढवला जातो. हाताला तो घट्ट लागतो, पण रबरावर रबर असले की वरच्याला खोबण मिळत नाही, आणि दाब येताच ते एका बाजूने सरकून बाहेर येते. फिल्टर काढा आणि बोटाने ब्लॉकचे तोंड चाचपडा. काळ्या तेलात काळे रबर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र कडा लागते. जुना फिल्टर टाकून दिला नसेल तर त्याचे तोंडही बघा : तिथे रबर नसेल तर ते कुठे आहे हे उघड आहे. पुढच्या वेळेपासून जुन्या फिल्टरवर रबर दिसल्याशिवाय नवा हातात घेऊ नका.

ब्लॉकवर रबर नसेल तर दुसरे कारण तपासा, ते अधिक घातक आहे : आटे. बाजारात दिसायला सारख्या फिल्टरांत दोन मापे सर्रास असतात. एक २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर). दुसरा पाऊण इंचाचा, इंचाला १६ आटे असलेला. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. म्हणजे ब्लॉकमधल्या पाऊण इंची आट्यांच्या नळीवर २० मिलिमीटरचा फिल्टर सैलसर चढतो, शेवटी रबर टेकल्यावर घट्टही वाटतो, आणि आटे जेमतेम टोकांवर धरलेले असतात. असा फिल्टर चालत्या गाडीत उडू शकतो. बसवताना फिल्टर नळीवर डगडग हलतो का, हे बघायची सवय ठेवा. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. डब्याची उंची आणि रुंदी जुळली म्हणून तोच फिल्टर झाला असे नाही.

दोन्ही ठीक असेल तर जुना फिल्टर काढताना मधली आट्यांची नळीच त्याच्याबरोबर निघून आली होती का, हे आठवून पाहा. ती ब्लॉकमध्ये परत नीट आवळलेली नसेल तर फिल्टर कधीच बसणार नाही.

प्रश्न : फिल्टर हाताने आवळावा की पान्याने? प्रत्येक मेकॅनिक वेगळे सांगतो. आणि थोडी ओल दिसली तर अजून आवळला तर चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बसवायचा हाताने, शेवटचा भाग हात पोचत नसेल तर पान्याने. पण 'हाताने' म्हणजे किती, ते मोजता येते. रबराला बोटाने नवे इंजिन ऑइल लावा, ग्रीस नाही. फिल्टर फिरवत न्या, रबर ब्लॉकला टेकल्याचे जाणवते तिथे डब्यावर मार्करने रेघ मारा. तिथून पुढे पाऊण फेरा. काही कंपन्या डब्यावर १, २, ३, ४ असे आकडे छापतात, ते याचसाठी. टॉर्क पाना असेल तर मारुतीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी हा आकडा १४ न्यूटन मीटर आहे, म्हणजे जेमतेम १.४ किलोग्रॅम-मीटर. पुष्कळांना हा आकडा फारच कमी वाटतो, पण रबराला एवढेच लागते. जास्त आवळला तर रबर दबून खोबणीबाहेर येते, तळाची पत्री वाकते, आणि पुढच्या वेळी फिल्टर सुटत नाही. मग कोणीतरी डब्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकतो, पत्रा फाटतो आणि तळची चकती ब्लॉकवरच राहते. अडकलेला फिल्टर काढायला टोपीसारखा बसणारा पाना किंवा पट्ट्याचा पाना वापरावा. पट्टा घसरत असेल तर मध्ये पॉलिश पेपरचा तुकडा धरावा.

कोरडे रबर बसवले तर ते फिरताना ब्लॉकला धरून पिळवटते. अशी गळती लगेच दिसत नाही. थंड सकाळी सुरू करताना तेल घट्ट असते, दाब वाढतो आणि तेवढ्यापुरती ओल येते, गरम झाल्यावर थांबते. मग माणूस आठवडाभर चकतो.

ओल दिसल्यावर आणखी आवळणे एकदाच, इंजिन थंड असताना आणि पाव फेऱ्यापर्यंतच चालेल. त्याने थांबली नाही तर फिल्टर काढून रबर आणि ब्लॉकचे तोंड बघावे. तोंडावर ओरखडा किंवा खड्डा असेल तर नखाला लागतो. बारीक ओरखडे तेलात बुडवलेल्या १,००० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट ठोकळ्यावर धरून हळूच घासता येतात, मात्र आधी मधल्या भोकात आणि नळीत स्वच्छ कापड कोंबा, कारण घासलेले कण तिथून सरळ बेअरिंगपर्यंत जातात.

प्रश्न : १.३ लिटर डिझेल सेदान, २०१४ ची. फिल्टरच्या प्लास्टिकच्या टोपीखालून तेल येते. ओ-रिंग बदलली. आता गळती कमी आहे, पण हाउसिंगच्या मागची बाजू ओली असते आणि कूलंटच्या बाटलीत दुधाळ चहासारखा थर दिसतो. (एक वाचक, शिरूर)

उत्तर : गाडी चालवणे आजपासून थांबवा. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे.

फियाटचे हे १.३ मल्टिजेट इंजिन मारुती, टाटा आणि फियाट तिघांच्या गाड्यांत आले, तुमच्याजवळच्या रांजणगावलाही ते बनत असे. त्याचा सुटा भाग जाणणारा मेकॅनिक शोधणे तुम्हाला अवघड जाऊ नये. यात पत्र्याच्या डब्याचा फिल्टर नसतो. हाउसिंगमध्ये कागदी फिल्टर बसतो, वर प्लास्टिकची टोपी, आणि हाउसिंगलाच ऑइल कूलर जोडलेला. म्हणजे एकाच जागी तेल आणि पाणी दोन्ही वाहतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कूलर किंवा त्याचे गॅस्केट गेले की तेल कूलंटमध्ये घुसते. बाटलीतला तो थर त्याचाच. इंजिन बंद झाल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब काही वेळ राहतो, आणि तेव्हा पाणी उलट तेलात जाऊ शकते. बेअरिंग खराब होतात ते या पाण्याने. डिपस्टिक आणि तेल ओतायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथेही तसाच थर असेल तर पाणी तेलात पोचलेले आहे.

हेड गॅस्केट गेल्यावरही कूलंटमध्ये तेल येऊ शकते. पण तुमच्याकडे हाउसिंगची मागची बाजू बाहेरूनही ओली आहे, म्हणून कूलरचे गॅस्केट आधी धरावे. हेड उघडण्याआधी कूलर काढून दाबाची चाचणी करून घ्या : एका बाजूची तोंडे बंद करून दुसरीकडून हवा सोडतात आणि पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात. गॅस्केट गेले असेल तर संपूर्ण संच बदलावा, एकेक रिंग नाही. मग तेल, फिल्टर आणि कूलंट तिन्ही नवे. तेलकट कूलंट नुसता काढून भागत नाही. रेडिएटर आणि हीटरची लाइन डिग्रीझर घालून दोन-तीनदा स्वच्छ होईपर्यंत फ्लश करावी लागते. तेलाने फुगलेले रबरी होज बदलावेत.

टोपीबद्दल : ओ-रिंग प्रत्येक फिल्टरबरोबर नवी येते, ती बदलायचीच. ती टोपीच्या ठरलेल्या खोबणीत, तेल लावून, पीळ न पडता बसली पाहिजे. एका खोबणीने चुकली तर टोपी घट्ट होते पण सील होत नाही. आवळायचा आकडा टोपीवरच कोरलेला असतो, बहुतेक अशा टोप्यांवर २५ न्यूटन मीटर. त्यापुढे गेले की प्लास्टिकला केसासारखा तडा जातो, आणि तो टोपी धुऊन उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. तुमची टोपी तशी धरून बघा.

प्रश्न : फिल्टरच्या भोवती सिलिकॉन किंवा एम-सील लावून गळती थांबवता येईल का? गळती थांबवणारी बाटली तेलात टाकतात, तिचा उपयोग होतो का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दोन्ही नको. बाहेरून लावलेले काहीही तेलकट धातूला धरत नाही. रबराच्या आतल्या बाजूला गेलेला सिलिकॉनचा तुकडा तेलाबरोबर फिल्टरमध्ये जाऊन अडकू शकतो, तर चेंबरच्या सांध्यातून निघालेला तुकडा पंपाच्या जाळीवर बसतो. बाटलीतले रसायन जुनी, कडक झालेली सील थोडी फुगवते, त्यामुळे क्रँक सीलचा पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फिल्टरचे रबर तर फिल्टरबरोबर नवेच येते. शंभर-दोनशे रुपयांच्या फिल्टरसाठी बाटलीवर त्याहून जास्त खर्च कशाला?

प्रश्न : फिल्टर काढला तेव्हा त्याचे बूड फुगून गोल झालेले होते. रबरही एका बाजूने बाहेर आले होते. स्वस्तातला फिल्टर होता. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : स्वस्तातला असला तरी दोष बहुधा त्याचा नाही. साधा डबाही पंधरा-वीस बारच्या आसपासचा दाब सोसून मगच फुटतो, आणि इंजिनात एरवी तीन ते पाच बारच असतात. डबा फुगला म्हणजे दाब बेसुमार वाढला होता, आणि तो वाढतो पंपावरचा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकल्यावर. घट्ट झालेले, काजळलेले तेल किंवा धातूची कीस त्याच्या पिस्टनमध्ये अडकते. फिल्टरच्या आत जो बायपास व्हॉल्व्ह असतो त्याचा इथे संबंध नाही. तो कागद तुंबल्यावर तेलाला दुसरी वाट देतो, एकूण दाब कमी करत नाही. नवा फिल्टर लावून गाडी सोडू नका, तोही फुगेल. प्रेशर स्विचच्या जागी दाब मोजायचे घड्याळ (गेज) लावून थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी दाब मोजून घ्या, आकडा मॅन्युअलशी जुळवा. जास्त निघाला तर रिलीफ व्हॉल्व्ह साफ करणे किंवा पंप बदलणे. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितले असताना २०डब्ल्यू-५० भरले असेल तर तेही बदला. घट्ट तेलाने थंडीत सुरू करताना दाब आणखी चढतो.

प्रश्न : गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, म्हणून तीन वर्षे फिल्टर बदललेला नाही. आता डब्यालाच तेलाचा थेंब दिसतो, रबरापाशी नाही. (एक वाचक, मालवण)

उत्तर : पत्रा गंजून सूक्ष्म भोक पडले असणार. खारा वारा आणि पावसाळ्यात चाकाने उडणारा चिखल यांत रंगाचा पापुद्रा निघाला की पातळ पत्रा टिकत नाही. भोक वाढायला वेळ लागत नाही, फिल्टर लगेच बदला. किनाऱ्याला किलोमीटर न मोजता वर्षाला एक फिल्टर आणि तेल हा हिशेब ठेवा, अंडरट्रे तुटला असेल तर तोही लावून घ्या.

प्रश्न : गळती किती झाली की गाडी चालवायची नाही? आणि काढलेले तेल कुठे टाकायचे? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नुसती धूळ चिकटलेली ओल असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबता येते, दर आठवड्याला डिपस्टिक बघत. रोज थेंब पडत असतील तर त्याच आठवड्यात काम करा. तेल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल, किंवा थेंब सलग पडत असतील, तर गाडी उभी करा. तेलाचा लाल दिवा चालताना लागला तर बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. तो लागेपर्यंत बेअरिंगना तेल पोचणे जवळपास थांबलेले असते. डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर छोट्या गाड्यांत साधारण एक लिटरच्या आतबाहेर असते, त्यावरून किती गेले याचा अंदाज बांधा.

फिल्टर बदलल्यावर इंजिन अर्धा मिनिट आयडलवर ठेवून तोंडाशी बघा, मग थोडी रेस देऊन पुन्हा बघा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक काढा. रिकामा फिल्टर पाव लिटरच्या आसपास तेल पितो, तेवढे वर घालावे लागेल. गाडीखाली जाण्याआधी ती घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) उभी करा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली अंग घालू नका.

काढलेले तेल गटारात, मातीत किंवा कचऱ्यात नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू देऊ नका, आणि जे सर्व्हिस सेंटर आपले जुने तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देते त्याच्याकडे सोपवा. फिल्टरमध्येही तेल उरते. तो तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या, आणि कॅनबरोबरच द्या.